तातडीची मदत हवी आहे: कथास्पर्धेच्या फायली ऑनलाइन उघडल्या की बिघडतात, शिवाय परीक्षकांना लेखकाचं नाव दिसतं

अंकवाली
दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेच्या फायली आम्ही एकत्र ऑनलाइन तपासतो. फाइल उघडली की अक्षर बारीक होतं, बोल्ड जातं, पानांची संख्या बदलते. काही फायली तर अगम्यच दिसतात. दुसरा प्रश्न म्हणजे परीक्षकांना नाव कळू नये असा नियम आहे, आणि एका परीक्षकांनी फोन करून लेखिकेचं नावच सांगितलं. फाइलवर फक्त क्रमांक होता! फायली सोमवारी पाठवायच्या आहेत, कृपया लवकर सांगा.

खटपट्या
ऑनलाइन म्हणजे कशात? गूगल डॉक्स, वर्ड ऑनलाइन, ओन्लीऑफिस, कोलाबोरा, यातलं नेमकं काय? फायली डॉक की डॉकएक्स? सर्व्हर कोणाचा?

मुक्काम_पोस्ट
एवढा खटाटोप कशाला, गूगल डॉक्स वापरा. फुकट आहे, सगळ्यांना येतं.

अंकवाली
डॉकएक्स. नेक्स्टक्लाउड आहे, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर फायली ठेवायचं सॉफ्टवेअर, एका परिचितांनी लावून दिलंय. आतलं एडिटर कोणतं ते कुठे दिसतं?

खटपट्या
फाइल उघडून हेल्प > अबाउट बघा.

अंकवाली
कोलाबोरा.

तळटीप
मग बोल्ड आणि आकाराचं कारण बहुधा असं. कोलाबोराच्या पोटात लिब्रेऑफिस हे फुकट ऑफिस सॉफ्टवेअर आहे. तिथे देवनागरी ही 'कॉम्प्लेक्स' लिपी धरतात आणि तिचं फॉरमॅटिंग रोमनपेक्षा वेगळं साठवतात. डॉकएक्स म्हणजे खरं तर झिप. तिची प्रत काढा, एक्स्टेन्शन झिप करा आणि 'वर्ड' फोल्डरमधली डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल नोटपॅडमध्ये उघडा. ठळकपणासाठी 'बी' आणि 'बीसीएस', आकारासाठी 'एसझेड' आणि 'एसझेडसीएस' अशा जोड्या दिसतील. सीएसवाली खूण देवनागरीसाठी. आकार अर्ध्या पॉइंटात असतो, म्हणजे २४ असेल तर १२ पॉइंट. फाइल बनवणाऱ्या ॲपने फक्त 'बी' आणि 'एसझेड' लिहिलं असेल, तर मराठी मजकूर डिफॉल्ट आकारात आणि साधा दिसणार.
तीच फाइल वर्डमध्ये नीट दिसते का?

अंकवाली
माझ्याकडे वर्ड नाही. लेखक म्हणतात, त्यांच्या फोनवर नीट दिसते.

तळटीप
फोनवरची काही ॲप हा भेद पाळत नाहीत, त्यामुळे फोनवर नीट दिसली याला अर्थ नाही. डेस्कटॉपवर लिब्रेऑफिस टाका. कंट्रोल-ए, मग फॉरमॅट > कॅरेक्टर. वेस्टर्न (रोमन) आणि सीटीएल ('कॉम्प्लेक्स' लिपी) असे दोन वेगळे भाग आहेत, सीटीएलमध्ये फॉन्ट आणि आकार द्या. बोल्ड मात्र सरसकट देऊ नका, शीर्षक आणि उपशीर्षकं निवडून द्या. डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्येही तोच सीटीएल फॉन्ट ठेवा, नाहीतर पुढच्या परिच्छेदात पुन्हा तेच. कोणा लेखकाकडे वर्ड असेल, तर कंट्रोल-डी करून 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' हा भाग बघायला सांगा. तो दिसत नसेल तर ऑप्शन्स > लँग्वेजमध्ये मराठी जोडायची.

मुक्तस्रोती
हा सगळा मायक्रोसॉफ्टच्या फॉरमॅटचा ताप. सगळ्या लेखकांकडून ओडीटी, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या फॉरमॅटमधल्या फायली मागवा. ते २००६ पासून आयएसओ मानक आहे.

खटपट्या
डॉकएक्सचं मानकही २००८ पासून आयएसओकडे आहे, त्याने अडत नाही. आणि ओडीटीतसुद्धा ठळकपणा आणि आकारासाठी 'कॉम्प्लेक्स' असे वेगळे गुणधर्म आहेतच. रोग तोच. शिवाय साठीतल्या कथालेखकाला ओडीटी समजावून देणार कोण, तुम्ही?

मुक्तस्रोती
समजावेन की. तुम्हाला सगळ्यातच अडचण दिसते.

खटपट्या
असो. पानं का बदलतात ते राहिलं. लेखकांचा फॉन्ट बहुतेक मंगल किंवा निर्मला यूआय असणार. दोन्ही मायक्रोसॉफ्टचे, लिनक्स सर्व्हरवर नसतात. मग सर्व्हर दुसरा फॉन्ट लावतो. मंगलच्या ओळीची उंची मोठी, दुसरा आला की ओळी दाटतात आणि पानं कमी होतात. परिचितांना सांगा, नेक्स्टक्लाउडच्या ॲडमिन सेटिंगमध्ये ऑफिसच्या पानावर जादा फॉन्ट अपलोड करण्याची सोय आहे. 'मुक्त' नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी टाका, परवान्याची कटकट नाही. नंतर सगळ्या कथा त्याच एका फॉन्टमध्ये आणा. तुमच्या स्पर्धेची मर्यादा पानांत आहे की शब्दांत?

अंकवाली
पानांत. बारा.

खटपट्या
पुढच्या वर्षी शब्दांत करा. पान हे फॉन्टवर हलतं.

झोपाळू
मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. एकदा बोट बसलं की लिप्यंतराकडे वळून बघणार नाही.

कोरापान
अगम्य फायलींचं कोणीच बोललं नाही. मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो ना? मग त्या श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील. तिथे साठवलेली अक्षरं खरोखर रोमनच असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. युनिकोड फॉन्ट कितीही टाका, काही होणार नाही. आधी फॉन्टचं नेमकं नाव लेखकाला विचारा, कारण प्रत्येक संचाचा नकाशा वेगळा. मग त्याच संचाच्या कन्व्हर्टरने युनिकोड करा.
रूपांतरानंतर तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा. शब्दाच्या सुरुवातीची वेलांटी चुकीच्या बाजूला तर नाही, रफार योग्य अक्षरावर बसलाय का, आणि 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र. तो 'र' + हलन्त + झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडअक्षर) असा लिहिलेला असेल आणि कन्व्हर्टरने ते न दिसणारं अक्षर खाल्लं, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. स्पेलचेकर पकडेलच असं नाही.

मुक्काम_पोस्ट
श्रीलिपीत आमच्याकडे पेजमेकरमध्ये अजून पत्रिका छापतात हो. झकास निघतात.

अंकवाली
हो, खिचडाच आहे. पण नावाचं काय? मुख्य तेच आहे.

तळटीप
त्याच झिपमध्ये 'डॉकप्रॉप्स' फोल्डर बघा. कोअर डॉट एक्सएमएलमध्ये 'क्रिएटर' आणि 'लास्ट मॉडिफाइड बाय', ॲप डॉट एक्सएमएलमध्ये कधी कंपनीचं नाव. शिवाय ट्रॅक चेंजेस चालू असेल तर प्रत्येक बदलाला आणि शेऱ्याला नाव चिकटलेलं असतं. आधी सगळे बदल स्वीकारा किंवा नाकारा, शेरे काढा. नंतर लिब्रेऑफिसमध्ये फाइल > प्रॉपर्टीज > जनरलमध्ये 'अप्लाय युजर डेटा'ची खूण काढून 'रिसेट प्रॉपर्टीज' दाबा. वर्डमध्ये हेच फाइल > इन्फो > चेक फॉर इश्यूज > इन्स्पेक्ट डॉक्युमेंट. हे सगळं प्रतीवर करा, मूळ फाइल कुलूपबंद ठेवा. हेडर-फूटर वर्डचं इन्स्पेक्ट डॉक्युमेंट काढू शकतं, लिब्रेऑफिसमध्ये ते हाताने काढा. शेवटचा 'लेखकाचा परिचय' मात्र हातानेच काढावा लागेल, तो कोणतंही बटण पकडणार नाही.

गुपचूप
पीडीएफ करा आणि मोकळे व्हा.

तळटीप
पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्येही लेखक येतो. आणि एक्झिफटूल या फाइलमधली माहिती बदलणाऱ्या साधनाने पुसला तरी तो बदल उलटवता येतो, कारण जुना भाग फाइलमध्येच राहतो. पुसल्यावर क्यूपीडीएफ या पीडीएफच्या साधनाने फाइल नव्याने लिहून घ्यावी लागते. त्यापेक्षा स्रोत साफ करून मग पीडीएफ काढलेली बरी.

गुपचूप
सर्व्हर परिचितांचा आहे म्हणजे त्यांना सगळं वाचता येतं, हे लक्षात घ्या. नेक्स्टक्लाउडचं सर्व्हरवरचं एन्क्रिप्शन ॲडमिनपासून वाचवत नाही. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचं (ज्यात सर्व्हरलाही वाचता येत नाही) फोल्डर केलंत तर ब्राउझरमधलं एडिटर त्यात चालत नाही. खरं गुप्त हवं असेल तर क्रिप्टपॅड, ते एन्क्रिप्टेड ऑनलाइन एडिटर आहे.

खटपट्या
क्रिप्टपॅडला पासवर्ड विसरलात तर परत मिळत नाही. सोमवारी फायली पाठवायच्या असताना हे नको. @मुक्काम_पोस्ट, गूगल डॉक्समध्येसुद्धा एडिटचा अधिकार दिला की व्हर्जन हिस्टरीत कोणी काय बदललं ते दिसतं. 'मेक अ कॉपी' करूनच द्यायचं.
@अंकवाली, परीक्षकांना एडिट देऊच नका. साफ केलेल्या पीडीएफ, प्रत्येकाला वेगळी फक्त-वाचनाची लिंक, तिला पासवर्ड आणि मुदत. गुण वेगळ्या स्प्रेडशीटमध्ये, प्रत्येक परीक्षकाची स्वतंत्र, म्हणजे एकाचे गुण दुसऱ्याला दिसणार नाहीत.

अंकवाली
बोल्ड आलं! नावंही गेली. एक कथा मात्र अजून अडली आहे, लेखक म्हणतात फॉन्टचं नाव 'मराठी' आहे.

कोरापान
ते नाव नव्हे. 'वर्ड' फोल्डरमधली फॉन्टटेबल डॉट एक्सएमएल उघडा आणि त्यातली नावं इथे टाका.