गेलेल्या मुलाचा क्लोन: ते मूल कोण असेल?

वर्तकनगरकर
आमच्या सोसायटीतल्या एका जोडप्याचा एकुलता एक मुलगा गेल्या वर्षी बाईकच्या अपघातात गेला. परवा भेटायला गेलो तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "परदेशात लोक मेलेल्या कुत्र्याचा क्लोन करून घेतात. मग माझ्या मुलाचा का नाही?" तिथे काही बोलवलं नाही, पण प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

आज माणसाच्या क्लोनिंगवर बंदी आहे ती मला मान्य आहे, कारण तंत्र धोक्याचं आहे. पण उद्या ते टेस्ट ट्यूब बेबीइतकं सुरक्षित झालं तर कायमची बंदी कशाच्या आधारावर? "क्लोनला स्वतःचं व्यक्तिमत्त्व नसतं" हे कारण तर मुळीच पटत नाही. 2001 च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये पहिलं क्लोन मांजर जन्मलं, सीसी. जिची पेशी घेतली ती रेनबो तिरंगी होती, अंगावर नारिंगी पट्टे. सीसीच्या अंगावर नारिंगी ठिपकासुद्धा नाही. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय असतं. ज्या पेशीपासून सीसी झाली, तिच्यातलं नारिंगी रंगाचं जनुक असलेलं एक्स बंद होतं, ते बंदच राहिलं. जिथे मांजराचा रंग जुळत नाही तिथे माणसाचा स्वभाव काय जुळणार? क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं भावंड. पूर्ण, स्वतंत्र माणूस.

खारघर_लॅब
"उद्या सुरक्षित झालं तर" हे वाक्य फार सहज लिहिलंत. मी आयव्हीएफ लॅबमध्ये काम करते. एका काचेच्या नळीने अंडपेशी हलकेच ओढून धरायची आणि दुसऱ्या, केसाहून बारीक नळीने तिला टोचून शुक्राणू आत सोडायचा, हे रोजचं काम. हात जरा जड पडला तर पेशी फुटते. क्लोनिंगमध्ये तिच्यातलं केंद्रकच ओढून काढायचं आणि तिथे दुसऱ्याची पेशी जोडायची. 1996 साली जन्मलेल्या डॉली या क्लोन मेंढीसाठी 277 अंडपेशींवर हे केलं. त्यातून 29 भ्रूण मिळाले आणि कोकरू जन्मलं एक.

आता आपला 2021 चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा बघा. स्त्रीने आयुष्यात एकदाच अंडदान करायचं आणि तिच्याकडून 7 पेक्षा जास्त अंडपेशी काढायच्या नाहीत. 277 ला 7 ने भागा. एका मुलासाठी चाळीस बायका इंजेक्शनं घेणार, भूल घेणार. त्या कोणत्या घरांतून येतील हे सांगायची गरज नाही.

तंत्र सुधारलंय हे खरं. 2018 मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी दोन क्लोन माकडं जन्मल्याचं जाहीर केलं, तरी त्यासाठी 79 भ्रूण आणि 21 माद्या लागल्याच. आपल्याकडे कर्नालला 2009 मध्ये पहिलं क्लोन रेडकू झालं आणि काही दिवसांतच गेलं. पुन्हा प्रयत्न केला, त्याच वर्षी गरिमा झाली. रेडकाच्या बाबतीत "पुन्हा प्रयत्न" म्हणता येतं. बाळाच्या बाबतीत कोण म्हणणार? सुरक्षित होण्याआधीच्या सगळ्या चुका कोणाच्या तरी पोटातच होणार आहेत.

कोपरी_काका
ताईंचं गणित बिनतोड आहे, पण गणित बदलू शकतं. माझा आक्षेप बदलणारा नाही. दोघांच्या मिश्रणातून कोणालाच ठाऊक नसलेलं काहीतरी जन्माला येतं, त्यात मी देवाचा हात मानतो. नक्कल करून आणलेल्याला आत्मा कुठला?

वर्तकनगरकर
काका, तुमच्या श्रद्धेचा मान ठेवून विचारतो. सूर्याचं तेज सोसेना म्हणून त्याच्या पत्नीने, संज्ञेने हुबेहूब आपल्यासारखी छाया घडवली आणि आपल्या जागी ठेवली. पुराणाने छायेला पोकळ नाही मानलं. तिला स्वतःची मुलं झाली, शनी तिचाच. संज्ञेच्या मुलांवर तिची माया कमी पडली आणि त्यावरूनच यमाने ओळखलं की ही आपली आई नव्हे. रूप तेच, मन वेगळं. आणि एकसारखी जुळी मुलं? एकच गर्भ पहिल्या दोन आठवड्यांत दुभंगतो. दोघांत मिळून एक आत्मा, असं आपण कधी म्हणतो का?

जुळी_धाकटी
इथे जुळ्यांचा दाखला सगळे देताहेत, तर जुळीचंही ऐका. ताईचा फोन माझ्या चेहऱ्याने उघडतो, बोटाने उघडत नाही. ठसे आईच्या पोटातच वेगळे होतात. त्यामुळे क्लोन स्वतंत्र माणूस असेल यावर माझा वाद नाही, आणि नेमकी म्हणूनच मी विरोधात आहे.

ताई माझ्याहून काही मिनिटांनी मोठी. माझं आयुष्य तिने आधी जगून दाखवलेलं नाही. ती कॉमर्सला गेली, मी चित्रकलेला, कोणी म्हटलं नाही की तू तर कॉमर्सची. या मुलाच्या घरात भिंतीवर हार घातलेला फोटो असेल आणि त्यात त्याचाच चेहरा. दादा या वयात पोहत होता, दादाला वांगं आवडायचं, दादा बाईकवर गेला. विशीत या मुलाच्या हातात बाईकची किल्ली कोण देईल? त्या वडिलांना मूल नकोय, तोच मुलगा हवाय. येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून दुसऱ्याची जागा भरायची आहे.

वर्तकनगरकर
हे ओझं क्लोनिंगचं नाही, पालकांचं आहे. गेलेल्या भावाचंच नाव ठेवलेली, त्याच्याच कपड्यांत वाढलेली मुलं आपल्या आधीच्या पिढीत कमी नव्हती. त्यांच्या जन्मावर आपण बंदी घातली नाही.

जुळी_धाकटी
त्या मुलांना "मी तो नाही" म्हणायला निदान वेगळं नाक तरी होतं. आरसाच विरोधात गेला तर ते मूल कोणाला पटवून देणार? आणि जे आपोआप घडतं ते सोसणं वेगळं, मुद्दाम घडवून आणणं वेगळं.

कोपरी_काका
आत्म्याचा मुद्दा बाजूला ठेवतो, सोडत नाही. पण उद्या एखाद्याने स्वतःचाच क्लोन केला तर महापालिकेच्या जन्मदाखल्यावर बापाच्या रकान्यात कोण? जनुकांच्या हिशेबाने तो त्या मुलाचा भाऊ आणि आजोबा बाप. उद्या वारसाहक्काला कोर्टात काय सांगणार?

खारघर_लॅब
काका, हा प्रश्न कायद्याने आधीच सोडवून ठेवायला हवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत क्लोनिंगने मूल जन्माला घालणं निषिद्धच आहे. ती बंदी राहू दे. पण ती मोडून कुठे मूल जन्मलंच तर शिक्षा करणाऱ्याला हवी. मुलाला दाखला, नाव, वारसा, सगळं इतरांसारखं. ज्या स्त्रीने वाढवायचं म्हणून जन्म दिला ती आई, एवढं तरी स्पष्ट लिहा.

आणि बंदी सरसकट नको. 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 84 विरुद्ध 34 मतांनी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा केला, तेव्हा भारताने विरोधात मत दिलं, कारण त्यात उपचारांसाठीच्या संशोधनाचीही वाट अडत होती. ते मत बरोबर होतं.

वर्तकनगरकर
मुलाच्या हक्कांचं आणि संशोधनाचं, दोन्ही मान्य. "कायमची" बंदी मात्र अजून पटलेली नाही. दर दहा वर्षांनी फेरविचार व्हावा असं कलम कायद्यात हवं.

जुळी_धाकटी
फेरविचार जरूर करा. पण त्या समितीत डॉक्टर आणि वकिलांबरोबर गेलेल्या भावंडाच्या जागी वाढलेली माणसं बसवा, आधी त्यांना विचारा.