मदत हवी आहे: घर एका हद्दीत, आई दुसऱ्या हद्दीत. साथीच्या लॉकडाऊनचे नियम कुठले पाळायचे?

नमस्कार मंडळी,

सरकारी आदेश वाचायची सवय असलेलं कुणी इथे असेल तर कृपया मदत करा. दोन दिवस डोकं खाजवतोय.

आम्ही कालव्याच्या अलीकडे राहतो, आई पलीकडे. चालत पंचवीस मिनिटं. कालवा ही दोन पालिकांमधली हद्द आहे हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं, ठाऊक असायचं कारणही नव्हतं. परवापासून पुलावर दोन बॅरिकेड आडवी आली आणि एकदम भूगोल कळला.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आहेत. तिचे हात थरथरतात. एक थेंब डोळ्यात, तीन गालावर. एरवी मीच जाऊन घालायचो. आता जावं की नाही?

मी केलेले उद्योग सांगतो, म्हणजे तेच परत कुणी सुचवायला नको. सोसायटीच्या ग्रुपवर तीन गोष्टी फिरतायत. पहिला नुसता मजकूर, 'अत्यावश्यक सेवा वगळता सर्व बंद', खाली ना सही ना तारीख. दुसरा म्हणजे स्क्रीनचा तिरका काढलेला फोटो, त्यात शिक्का नेमका तारखेवर बसलाय, १४ आहे की १९ ते भिंग लावूनही कळेना. आणि तिसरा रंगीत नकाशा, ज्यात आम्ही पिवळ्यात आहोत. पिवळं म्हणजे काय, ते नकाशात दिलेलं नाही.

मग हेल्पलाइनला फोन केले. अलीकडच्या कार्यालयाने सांगितलं, 'जिथे जाणार तिथे विचारा.' पलीकडच्यांनी सांगितलं, 'राहता कुठे, तिथे विचारा.' दोघेही अतिशय नम्रपणे बोलले, हे नमूद करतो. शेवटी एका संकेतस्थळावर पिनकोड टाकला, तर त्याने मला कालव्यापलीकडचा रहिवासी करून टाकलं, कारण आमचं पोस्ट ऑफिस तिकडे आहे.

तर नियम माझ्या घराचा लागू, की मी जाईन तिथला? आणि चालू आदेश नेमका कुठला, हे ओळखायचं कसं?

---

खिडकीतली_मांजर: काळजी घ्या आईंची. माझ्या माहितीप्रमाणे राहत्या पत्त्याचाच नियम लागतो. तुमच्याकडे बाहेर पडायची परवानगी असेल तर बिनधास्त जा.

जुना_दप्तरी: मांजरताई, अर्धंच बरोबर आहे, आणि ही अर्धी बाजूच माणसाला पुलावर अडकवते. कित्येक वर्षं आदेशांचे मसुदे आणि फायली हाताळल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पिनकोड विसरा. तो टपाल वाटायच्या सोयीने आखलेला असतो, पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीशी त्याचं लग्न लागलेलं नाही. एका पिनकोडात दोन पालिका अगदी सहज येतात. तुम्ही कर कुणाकडे भरता ते बघा. घरपट्टीच्या पावतीवर ज्यांचं नाव, त्यांच्या हद्दीत तुम्ही. आईंच्या घराचीही पावती काढा, त्यावर प्रभाग क्रमांक असेल तर लिहून ठेवा, पुढे लागेल.

आता आदेश. तो वरून खाली वाचायचा नसतो. आधी शेवटची सही बघा, कारण सही करणाऱ्याचा अधिकार जिथे संपतो तिथे आदेश संपतो. मग 'संदर्भ' वाचा. लोक ही ओळ ओलांडून पुढे जातात आणि तिथेच फसतात. 'पूर्वीचे आदेश अधिक्रमित करून' असं असेल तर जुना कागद बाजूला ठेवायचा. पण 'अंशतः सुधारणा' असेल तर जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून वाचायचे, कारण नव्यात फक्त बदललेली कलमं असतात. तुमच्या ग्रुपवर १४ आणि १९ असे दोन वेगळे कागद फिरत असतील, तर सगळी भानगड इथेच असणार. मुदतही बघा. 'पुढील आदेश होईपर्यंत' असेल तर तारीख उलटली म्हणून सुटका नाही.

सगळ्यात शेवटी परिशिष्ट. फिरवणारे नेमकं तेच पान गाळतात. प्रतिबंधित क्षेत्राची गल्लीवार यादी तिथे असते, आणि त्या गल्ल्यांना बाकी शहराचे नियम लागत नाहीत, त्याहून कडक लागतात.

वरचा आदेश आणि खालचा आदेश वेगळं बोलत असतील, तर बहुतेक वेळा खालच्याला जास्त कडक होता येतं, सैल होता येत नाही. भारतात १ मे २०२० च्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशात जिल्हे लाल, नारिंगी आणि हिरवे असे वाटले, तेव्हा हीच रचना होती. राज्याला जिल्हा वरच्या रंगात चढवायची मुभा होती, उतरवायची नव्हती.

टेम्सकाठचा: दप्तरी साहेबांना +१. 'घराचा की तिथला' यावर इंग्लंडचा अनुभव सांगतो. इथे १४ ऑक्टोबर २०२० पासून भागाभागाप्रमाणे निर्बंधांच्या तीन पायऱ्या आल्या. डिसेंबरात नियम असा होता की कडक पायरीतला माणूस सैल पायरीत गेला तरी स्वतःच्याच पायरीचे नियम सोबत घेऊन जायचा. उलट सैल भागातला कडक भागात गेला तर तिथले पाळायचे. थोडक्यात, दोन्हींतला जो कडक तो तुमचा. सगळीकडे हेच असेल असं नाही, पण कागद हातात येईपर्यंत असंच धरून चाला, दंड तरी होणार नाही.

अवांतर: स्कॉटलंडमध्ये त्याच सुमारास ० ते ४ अशा पातळ्या होत्या. मित्र 'आम्ही तीनमध्ये' म्हणाला की आधी विचारायला लागायचं, कुठल्या तीनमध्ये?

दक्षिण_गोलार्ध: पिनकोडवरून आठवलं. मेलबर्नमध्ये १ जुलै २०२० ला आधी दहा पोस्टकोडच बंद केले होते. म्हणजे तिथे पोस्टकोड हीच हद्द! आठवडाभरात ते मागे पडून सगळं महानगर बंद झालं. त्यामुळे 'हद्द कशाने मोजलीय' हे दर आदेशात नव्याने बघावं लागतं. ऑगस्टपासून खरेदी आणि व्यायामासाठी घरापासून ५ किलोमीटरचं वर्तुळ आलं. कुणाची शुश्रूषा करायला जाणाऱ्याला मात्र ते वर्तुळ नव्हतं. तुमच्या आदेशात तसं कलम शोधा, मला वाटतं तुमचं उत्तर तिथेच आहे.

शेवटचा_बाक: जर्मनीत एप्रिल २०२१ मध्ये कायद्यानेच आकडा ठरवला. जिल्ह्यात सात दिवसांत लाखामागे १०० पेक्षा जास्त रुग्ण, असं सलग तीन दिवस राहिलं की एक दिवस सोडून निर्बंध सुरू. आम्ही सकाळी उठून हवामान बघावं तसा जिल्ह्याचा आकडा बघायचो. तुमच्या नकाशातलं पिवळं असंच कुठल्या तरी आकड्यावर बेतलेलं असणार, आणि नकाशा छापला त्या दिवशीचं असणार. रंग बघून घराबाहेर पडू नका.

लिंबूटिंबू: इटलीत २०२० च्या नाताळात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना वेगळी सूट होती. गावाच्या सीमेपासून ३० किलोमीटरपर्यंत जाता यायचं, पण प्रांताच्या मुख्य शहरात नाही. आमच्या घरमालकीण बाई फूटपट्टी घेऊन नकाशावर बसल्या होत्या.

खिडकीतली_मांजर: चुकीचं सांगितलं, माफ करा. शिकले.

---

धागाकर्ता (दुसऱ्या दिवशी):

सगळ्यांचे आभार. झालेलं सांगतो, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

दोन्ही पालिकांच्या मूळ संकेतस्थळांवर जाऊन आदेश उतरवून घेतले. पलीकडच्या पालिकेचे १४ आणि १९ असे खरंच दोन निघाले, आणि १९ चा 'अंशतः सुधारणा'वाला. त्यात फक्त दुकानांच्या वेळा बदलल्यात. लोकांच्या येण्याजाण्याचं सगळं १४ च्याच कागदात आहे, जो ग्रुपवर 'जुना आहे, डिलीट करा' म्हणून चार जणांनी उडवायला लावला होता.

१४ च्या आदेशात अकरावं कलम: ज्येष्ठ, आजारी किंवा शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीच्या देखभालीसाठी एका व्यक्तीला हद्द ओलांडता येईल, वैद्यकीय कागद सोबत हवा. आमच्या बाजूच्या आदेशातही जवळपास हेच, फक्त शब्द 'परिचर्या'. मी मोबाइलवर 'देखभाल' शोधत बसलो होतो, म्हणून सापडत नव्हतं.

परिशिष्टात आईची गल्ली नाही. मागची आहे. रिक्षा स्टँडकडून जायचा माझा नेहमीचा रस्ता त्या मागच्या गल्लीतूनच होता, म्हणजे पूल ओलांडूनही मी चुकलोच असतो.

आज सकाळी डिस्चार्ज कार्ड, थेंबांची चिठ्ठी आणि आईच्या घरपट्टीची पावती घेऊन गेलो. पुलावरच्या हवालदारांनी पावती बघितलीच नाही. चिठ्ठी वाचली आणि विचारलं, 'चार वेळा? मग चार वेळा येणार?' म्हटलं, हो. त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, दुपारी माझी पाळी संपते, पुढच्याला हेच परत दाखवा.

दुपारच्या साहेबांनी पावती मागितली.

एक राहिलंच. १४ च्या आदेशाला मुदत आहे, रविवार मध्यरात्र. थेंब अजून तीन आठवडे आहेत. नवा आदेश साधारण किती वाजता चढवतात, दप्तरी साहेब?

जुना_दप्तरी: सही संध्याकाळी होते, स्कॅन रात्री. साडेदहानंतर बघा. आणि 'परिचर्या', 'देखभाल', 'शुश्रूषा' तिन्ही शब्द शोधा, मसुदा लिहिणारा दर वेळी वेगळा असतो.