३८ कॉम्प्युटर, २० हजार बजेट: अपडेट सांभाळायला काय वापरता?

शाखा_तिसरी: पतसंस्थेत संगणक विभाग म्हणजे मी एकटाच. ३ शाखा, ३८ मशीन. ६ जुनी विंडोज १० वर, बाकी ११. दर शनिवारी फिरून अपडेट मारतो. ऑडिटरने शेरा दिलाय, पॅचची (दोष बुजवणाऱ्या अपडेटची) नोंद दाखवा. वर्षाला २० हजार मंजूर. काय घेऊ?

डॅशबोर्डवाला: साडेतीन लाखांचं सॉफ्टवेअर घ्या. आम्ही घेतलं. स्क्रीनवर सगळं हिरवंगार.

शाखा_तिसरी: २० हजार म्हटलंय हो.

बरणी: डब्ल्यूएसयूएस, म्हणजे आपल्याच सर्व्हरवरून सगळ्या मशीनना अपडेट वाटणारं मायक्रोसॉफ्टचं साधन. विंडोज सर्व्हर असेल तर वेगळे पैसे नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यात नवं काही घालणं थांबवलं, पण चालतंय. त्याच्या सेटिंगमध्ये ड्रायव्हरची खूण काढा, ते उतरून आमची डिस्क दोन महिन्यांत भरली.

जुनं_ते_सोनं: अपडेट बंद ठेवा! जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर बंद पाडली. मी १२ वर्षं अपडेट केलं नाही, काही झालं नाही.

बरणी: ती विंडोजची पॅच नव्हती. खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आठवा, पॅच १४ मार्च २०१७ ला आली, हल्ला १२ मे ला. मधले दोन महिने झोपलेलेच सापडले.

शुद्धलेखन_मित्र: ती पॅच की तो पॅच? ठिगळ म्हणा, वाद नको.

डॅशबोर्डवाला: ठिगळ ऑडिटरला कसं दाखवणार?

कोपऱ्यातला: विंडोजच्या पॉवरशेल या कमांडच्या खिडकीत गेट-हॉटफिक्स टाइप करा, बसवलेल्या पॅचची यादी तारखेसकट येते. ती छापून सही घ्या. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री पॅच येतात. आधी प्रत्येक शाखेत एकच मशीन करा, पासबुक प्रिंटरवालं. आठवड्याने बाकीची. आम्ही सगळी एकदम केली, ३१ मार्चला प्रिंटर मुका. अध्यक्षांनी उभं केलं होतं मला.

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संस्थांना वाढीव पॅच पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. तुमच्या ६ चेच ३० हजारांवर जातात.

बरणी: मी तेच सांगत होतो, डब्ल्यूएसयूएस घ्या.

शाखा_तिसरी: आमचा सर्व्हर विंडोजवर नाही, उबुंटूवर (लिनक्स) आहे, सांगायचं राहिलं.

बरणी: 🙏

शाखा_तिसरी: ठरलं. त्या ६ मशीनची नेटची वायर काढली, पत्रं टाइप करायला ठेवली. बाकीच्यांवर अपडेट आपोआप. २० हजारांच्या यूपीएसच्या बॅटऱ्या घेतोय. दुपारी वीज जाते, निम्मी अपडेट तिथेच अर्धवट राहतात.

डॅशबोर्डवाला: बॅटरी कुठली घेताय?