नेत्रसहायकांचे प्रशिक्षण : दृष्टीची नोंद आणि नंबर शिकवण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या दृष्टी केंद्रात बारावी विज्ञान झालेल्या काही मुली नेत्रसहायक म्हणून नुकत्याच रुजू झाल्या असून त्यांना प्राथमिक संज्ञा शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. मोतीबिंदू, काचबिंदू, वडस, लासरू, रांजणवाडी ही आजारांची नावे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत, त्यामुळे तिथे फारसे अडत नाही. खरी अडचण केसपेपरवर दृष्टीची नोंद करताना येते. रुग्णाची शस्त्रक्रिया करायची की नुसता चष्मा द्यायचा, याचा पहिला अंदाज डॉक्टर त्याच नोंदीवरून बांधतात, म्हणून ती काटेकोर असावी असा माझा आग्रह आहे.

दृष्टी तपासण्याचा स्नेलेनचा अक्षरतक्ता १८६२ पासून वापरात आहे, आणि त्यावरील आकड्यांचा अर्थ मी असा सांगतो : वरचा आकडा म्हणजे रुग्ण तक्त्यापासून किती मीटरवर बसला आहे ते अंतर, आणि खालचा आकडा म्हणजे तीच ओळ निरोगी डोळ्याला जितक्या मीटरवरून वाचता येते ते अंतर. तरीही ६/१८ हे परीक्षेतल्या अठरापैकी सहा गुणांसारखे वाचण्याकडे मुलींचा कल राहतो. ही गल्लत एकदा रुजली की पुढे ३/६० म्हणजे काय, हे समजावणे फार जड जाते. अक्षरओळख नसलेल्या रुग्णांसाठी चार दिशांना तोंड असलेल्या ‘ई’चा तक्ता आम्ही वापरतो, तिथे काही अडचण नाही.

माझा पहिला प्रश्न अर्धवट वाचलेल्या ओळीचा आहे. ६/२४ च्या ओळीतली काही अक्षरे रुग्णाने बरोबर सांगितली आणि उरलेली चुकवली, तर काही अनुभवी मंडळी ‘६/२४ पार्शल’ लिहितात आणि काही जण सरळ वरची, म्हणजे ६/३६ ची ओळ लिहून मोकळे होतात. पुढच्या तपासणीशी तुलना करायला पहिली पद्धत अधिक उपयोगी आहे असे मला वाटते. मात्र नवख्या हातात ‘पार्शल’ हा शब्द सैलपणे वापरला जाण्याची भीती आहे. तुमच्याकडे किती अक्षरे चुकल्यावर वरची ओळ धरतात?

पिनहोलविषयी मात्र मी ठाम आहे. ६/३६ ची दृष्टी बारीक छिद्रातून पाहिल्यावर ६/९ झाली, तर दोष बहुतांशी नंबराचा आहे आणि चष्म्याने फरक पडेल, एवढे तरी प्रत्येक सहायकाला कळलेच पाहिजे. म्हणून पिनहोलशिवायची नोंद मी अपुरी मानतो.

दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिकलेल्या मोतीबिंदूच्या रुग्णाला तक्ता दिसत नाही, बोटे मोजता येत नाहीत, हातही हललेला कळत नाही. तेव्हा उजेड कळतो का आणि तो कोणत्या दिशेने येतो हे कळते का, म्हणजे ‘पीएल’ आणि ‘पीआर’, एवढेच तपासायचे राहते. खोलीत अंधार करून, दुसरा डोळा तळहाताने पूर्ण झाकून, वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी टॉर्च दाखवायचा आणि रुग्णाने उजेडाकडे बोट करायचे, हे मुलींना पाठ झाले आहे. पण पारदर्शकता गेलेल्या भिंगापलीकडचा पडदा आपल्याला तपासता येत नाही, आणि दिशा न कळणे ही पडद्याच्या किंवा डोळ्याच्या नसेच्या दोषाची खूण असू शकते, हे कारण त्यांच्या मनात अजून पक्के झालेले नाही. शिवाय वयस्कर रुग्ण, विशेषतः आजीबाई, समोरच्या मुलीचे मन राखायला ‘दिसतंय, दिसतंय बाळ’ म्हणत राहतात. मध्येच टॉर्च बंद ठेवून विचारावे, हा उपाय मी सांगितला आहे. याहून खात्रीची रीत कोणी वापरत असेल, तर कृपया तपशिलाने लिहावे.

डोळ्यातला दाब मोजणाऱ्या श्योट्झच्या टोनोमीटरबद्दल थोडक्यात विचारतो. साडेपाच ग्रॅमच्या वजनावर काटा ५ वर आला तर दाब सुमारे १७ मिलिमीटर पारा, आणि ३ वर आला तर सुमारे २४. काटा कमी तितका दाब जास्त, हा उलटा हिशेब पहिल्याच आठवड्यात शिकवावा, की आधी केवळ टोनोमीटरसोबतच्या तक्त्यावरून दाबाचा आकडा पाहायची सवय लावावी?

शेवटचा प्रश्न चष्म्याच्या नंबराचा. त्यात स्फिअर म्हणजे भिंगाची सर्व दिशांना सारखी असणारी शक्ती, सिलिंडर म्हणजे एकाच दिशेतली जादा शक्ती आणि ॲक्सिस म्हणजे त्या सिलिंडरचा अंशांतला कोन. उणे १.०० स्फिअर, अधिक २.०० सिलिंडर, ॲक्सिस ९०, आणि अधिक १.०० स्फिअर, उणे २.०० सिलिंडर, ॲक्सिस १८०, हे दोन्ही एकाच भिंगाचे नंबर आहेत. स्फिअर आणि सिलिंडरची बेरीज करायची, सिलिंडरचे चिन्ह बदलायचे आणि ॲक्सिस ९० अंशांनी फिरवायचा, ही कृती मुली वहीत बिनचूक करतात. परंतु जुन्या चष्म्याचा कागद आणि नवी नोंद शेजारी ठेवली की नंबर बदलला असे समजून रुग्णाला तसे सांगून टाकतात. आमच्या केंद्रापुरते सगळे नंबर उणे सिलिंडरमध्येच लिहावेत आणि जुना कागदही आधी त्याच रूपात आणून मगच तुलना करावी, असा नियम करण्याचा माझा विचार आहे. ज्यांनी असा नियम प्रत्यक्ष राबवला आहे, त्यांना चष्मेवाल्यांकडून किंवा डॉक्टरांकडून काही अडचण आली का, हे कळवावे.