मेव्हण्याला फ्लू, म्हणून आमच्या फेरेटच्या (मुंगसासारखा पाळीव प्राणी) खोलीला कडी लावली. जास्तच झालं का?

जुळेसोलापूरकर: गड्ड्याच्या यात्रेला मेव्हणा पुण्याहून आला. अंगात कणकण, नाक वाहतंय. आल्या आल्या फेरेटला उचलायला निघाला, मी कडी लावली. बायकोनं अबोला धरलाय. पण मागच्या पावसाळ्यात मला फ्लू झाला आणि दोन-तीन दिवसांत आमचा फेरेट बंड्या शिंकायला लागला. डोळे चिपडलेले, झोळीतून बाहेर येईना. चिकनचं पातळ पाणी बोटावर घेऊन चाटवलं तेवढंच पोटात. मी चुकलो का?

हुरडापार्टी: चुकलास. माणसाचा फ्लू जनावराला कुठला होतोय? आणि उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या सोलापुरात तिशीतच धापा टाकणारा प्राणी पाळायचा, हेच मला पटत नाही.

लॅबवाली: उन्हाचं बरोबर, फ्लूचं साफ चूक. 1933 मध्ये लंडनला स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू शोधला तो फेरेटमुळेच. रुग्णांच्या गुळण्यांचं पाणी गाळून फेरेटच्या नाकात सोडलं, फेरेट आजारी पडले. विषाणू श्वासनलिकेत जिथे चिकटतो ती जागा दोघांची बरीच सारखी.

विडीघरकुल: म्हणजे उलटही होणार! आमच्या आईनं जन्मभर विड्या वळल्या, आता दमा. अशा घरात हा प्राणी नकोच. कडी मेव्हण्याला लावण्यापेक्षा फेरेटलाच दुसरं घर बघ.

लॅबवाली: उलट होतं. फेरेटकडून माणसाला फ्लू झाल्याची नोंद 1936 चीच आहे. पण घरात फ्लू बाहेरून आणतो कोण? शाळेतली पोरं, एसटीतली गर्दी, पाहुणे. फेरेट कुठे गड्ड्यावर फिरतोय?

विडीघरकुल: कुणी का आणेना, दम्याच्या माणसाशेजारी शिंकणारं एक तोंड वाढलंच की.

जुळेसोलापूरकर: हे मान्य. बंड्या आजारी होता तेव्हा आईला त्या खोलीत मीही जाऊ दिलं नव्हतं.

हुरडापार्टी: साधं पडसंही असेल मेव्हण्याला. प्रत्येक शिंक म्हणजे फ्लू नव्हे.

जुळेसोलापूरकर: दारात उभं करून तपासू कसं? चार दिवस लांब राहा, एवढंच म्हणालो.

डॉगवाला_होटगीरोड: मधेच बोलतो. बंड्या परत शिंकला तर पोरांच्या तापाचं पॅरासिटामॉल घरच्या घरी देऊ नका, फेरेटला ते विषासारखं बाधू शकतं. हनुवटीवर पुरळ आलं, तळपाय जाड झाले तर फ्लू समजून बसू नका. तो डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांनाही होणारा विषाणूचा आजार, असू शकतो, त्यातून फेरेट सहसा वाचत नाही. लस झालीय का?

जुळेसोलापूरकर: डॉक्टरांना आजच विचारतो.

हुरडापार्टी: बरं बाबा, कडी राहू दे. मेव्हण्याला हुरडा तरी घातलास का?

जुळेसोलापूरकर: घातला, शेंगाचटणीसकट. तो हसतोय. बायको अजून नाही.