काठी त्यांच्याच हातात राहू दे: थकलेल्या आईवडिलांसोबत मासे गरवण्याचे अनुभव

आईवडिलांनी सत्तरी ओलांडली की त्यांच्या हातातलं एकेक काम आपण काढून घ्यायला लागतो. पिशवी द्या, मी घेतो. तुम्ही बसा, मी करते. होतं सगळं प्रेमानेच. पण गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहिलं की मला वाटतं, बाकी हवी ती मदत करावी, काठी तेवढी घेऊ नये. तुमच्यापैकी जे आईवडिलांना घेऊन गरवायला जातात, किंवा स्वतः त्या वयात अजून जातात, त्यांनी सविस्तर लिहा. काय बदलावं लागलं आणि काय तसंच ठेवता आलं? सुरुवात मी करतो.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. गुडघे कुरकुरायला लागल्यावर आम्ही पहिल्यांदा जागा बदलली. मासा कुठे जास्त लागतो हे आता नंतर. पाण्यापर्यंतची वाट कशी आहे, ते आधी. खुर्चीही उंच बैठकीची आणि हात असलेली घेतली, कारण बुटक्या घडीच्या खुर्चीतून उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे मासा लागला तरी ते झटकन उभे राहत नाहीत. आधी बसूनच काठी उचलतात, मग सावकाश उठतात. आणि चष्मा! प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो, त्यातून पायाखालची पायरी धूसर दिसते. त्यामुळे चालताना फक्त लांबचा चष्मा, गाठ मारायला बसल्यावर जवळचा.

गाठ मात्र मी मारत नाही. गळाच्या नेढ्यातून तंगूस (नायलॉनची दोरी) ओवायला त्यांना आता बराच वेळ लागतो. मोठ्या नेढ्याचे गळ आणले आणि मांडीवर पांढरा रुमाल पसरायला लागलो. त्यावर काळा गळ उठून दिसतो. तंगूस आत जातो, पाच-सहा वेढे पडतात, मग ते गाठ ओठांत धरून ओली करतात आणि हळूहळू आवळतात. कोरडा नायलॉन घासला की तापतो आणि गाठीपाशीच कमजोर होतो, हे मी लहानपणी त्यांच्याकडूनच शिकलो. शेवटी अंगठ्याच्या नखाने गाठ चाचपून ते मान हलवतात. तोवर माझा गळ पाण्यात पडलेला नसतो. दोघांनी बरोबरच टाकायचा.

* * *

आमच्याकडे गरवणारी आई आहे. तीही खाऱ्या पाण्यात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती आणि अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे लहान भरती, हा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असतो. मी फोनवर वेळ बघायच्या आधी तिचं उत्तर तयार. म्हणून निघायचं कधी आणि परतायचं कधी हे अजून तीच ठरवते, आणि पाणी चढायला लागायच्या बरंच आधी आम्ही खडकांवरून खाली उतरलेलो असतो. शेवाळावर पाय घसरायची भीती मलाच जास्त. पोलराइज्ड चष्म्याने पाण्यावरची चकाकी कापली जाते आणि उथळ पाण्यातला दगड स्पष्ट दिसतो, तो घेतल्यापासून तिचं पाऊल पुन्हा भरवशाने पडायला लागलं. लाइफ जॅकेटला ती ठाम नाही म्हणायची. "मी काय लहान आहे?" मी एक अक्षर न बोलता आधी माझं घातलं, मुलांना घातलं. पुढच्या वेळी तिने आपणहून हात पुढे केला.

* * *

थोडक्यात एकच सांगते. वडिलांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, आणि गळ बोटात घुसणं या छंदात कधीतरी होतंच. आम्ही सगळ्या गळांच्या टोकामागचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करून टाकले. असा गळ माशाच्या तोंडातूनही सहज निघतो आणि माणसाच्या बोटातूनही. दोरी जरा ढिली पडली की मासा निसटतो, हे खरं आहे. वडील म्हणतात, आता खरं कसब लागतं!

* * *

मी मुलांच्या बाजूने लिहीत नाही, मी स्वतः ७४ वर्षांची आहे. आम्हाला "घेऊन जाता" असं तुम्ही लिहिता तेव्हा थोडं टोचतं. आम्ही येतो. त्यासाठी तयारीही करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांनुसार पासष्टीनंतरही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, शिवाय किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली. माझी गरवायची ओढ मला हे करायला लावते. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, हे रोज करते, कारण काठावर मला कुणाच्या खांद्याचा आधार नको आहे. वयाबरोबर तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न बघता घड्याळाकडे बघून पाणी पिते. आणि मुलांनो, मासा लागला की काठीला हात लावू नका. निसटला तर निसटू दे, तोही माझाच.

* * *

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. बाबांना स्मृतिभ्रंश आहे. माझं नाव ते कधी कधी चुकतात. पण हातात काठी दिली की मनगट मागे जातं, नेमक्या क्षणी बोट दोरी सोडतं. सवयीने अंगात मुरलेल्या कृती बराच काळ टिकून राहतात असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मी इथे डोळ्यांनी पाहते. गळांचा डबा माझ्याकडे असतो, जॅकेट कायम अंगात, आणि मी हाताच्या अंतरावर. घरी दिवसभर "हे करू नका" ऐकणाऱ्या माणसाला इथे तासभर कुणी काही म्हणत नाही.

* * *

वडिलांना अर्धांगवायू होऊन गेल्यापासून उजव्या हातात जोर नाही, म्हणून कुणाला उपयोग झाला तर लिहितो. काठी रोवायचा स्टँड जमिनीत ठोकला की एका हाताने काम भागतं. हलकी, आखूड काठी घ्या. आणि काठीवरचं दोरी गुंडाळायचं रीळ नवीन विकत घ्यायची घाई करू नका: बहुतेक स्पिनिंग रिळांची मूठ काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते.