नाशिकच्या प्रदर्शनांत किती दिवस नुसता गोदाघाटच बघायचा?

पेनशाई
थेट मुद्द्यावर येते. नाशकात कुठंही चित्रप्रदर्शन लागलं की मी जातेच आणि जलरंग तर माझे सगळ्यात आवडते, पण हल्ली आत शिरलं की पहिल्या भिंतीवर रामकुंड, दुसऱ्या भिंतीवर नारोशंकराचं देऊळ, मग सुंदरनारायणाच्या पायऱ्या, मग परत रामकुंडच, फक्त सकाळच्या जागी संध्याकाळ. काम वाईट असतं असं अजिबात म्हणत नाहीये, काही जणांचा हात इतका तयार आहे की चित्रासमोरून हलावंसं वाटत नाही. पण माणसं कुठायत? असतात ती म्हणजे पांढऱ्या टोपीचे दोन ठिपके आणि लुगड्याचा एक लाल फटकारा, देऊळ केवढं मोठं आहे ते कळावं एवढ्यापुरतं.

आपल्या गावात तांबट आहेत, सराफ बाजार आहे, गंगेवर म्हणजे गोदाकाठी बुधवारचा बाजार भरतो, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, उड्या पडतात, द्राक्षाच्या हंगामात बागेत मांडवाखाली बायका घड खुडत असतात. यातलं कुणी काढत का नाही? १९३० साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथं झाला, त्यावर कुणी जीव ओतून केलेलं मोठं चित्र मला नाशिकच्या एकाही प्रदर्शनात दिसलेलं नाही.

मला वाटतं याचं कारण एकच. माणसं, प्रसंग, गोष्ट आली की आपल्याकडं लगेच 'हे इलस्ट्रेशन झालं' म्हणतात आणि इलस्ट्रेशन म्हणजे खालच्या पायरीचं. मी चांदोबा आणि किशोर वाचत वाढले. शंकर यांनी काढलेला विक्रम राजा, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, तो मला अजून रेषेनरेष आठवतो. मागच्या महिन्यात बघितलेल्या घाटांपैकी एकही आठवत नाही. तर माझं स्पष्ट मत, नाशिकच्या चित्रकारांनी काही वर्षं घाट बाजूला ठेवावा आणि माणसांकडं वळावं. बोला.

गोदाकाठ
पूर्ण असहमत. घाट बाजूला ठेवावा म्हणजे काय? नाशिकच्या जलरंगांची शाळाच घाट आहे. शिवाजी तुपे सरांची निसर्गचित्रं बघून इथल्या किती पोरांनी ब्रश हातात घेतला ते जरा विचारून बघा.

आणि दुसरं, तुम्हाला एकसारखं दिसतंय ते एकसारखं नसतं हो. आपल्या घाटाचा दगड काळा बेसाल्ट. तो रंगवायला ट्यूबमधला काळा लावला की चित्र मेलंच. तिथं अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी कागदावरच एकमेकांत सोडायचे, खरखरीत कागद असेल तर अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यात जाऊन बसतात आणि वाळल्यावर दगडाचा पोत आपोआप उमटतो. निळा जास्त झाला तर सावलीतला दगड, सिएना जास्त झाला तर ऊन खाल्लेला दगड. आणि पाण्यावरची चमक ही रंगवायची नसतेच, तिच्यासाठी कागदाचा पांढरा राखून ठेवायचा, जवळजवळ कोरडा ब्रश आडवा झरकन ओढायचा, चुकला की कागद गेला, पारदर्शक जलरंगात वरून पांढरा लावून सारवासारव चालत नाही. हे जमायला वर्षं जातात. फ्रेंच चित्रकार मोनेनं रूआँचं एकच कॅथेड्रल १८९२ ते १८९४ च्या दरम्यान तीसहून जास्त कॅनव्हासवर काढलं, तिथं कुणी 'आता बास' म्हणालं नाही.

रंगपेटी
मी स्वतः रंगवतो आणि चित्रं विकतो म्हणून थोडं व्यवहाराचं बोलतो. घाट विकला जातो. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेलेल्या माणसाला घरात नाशिक लावायचं असतं, तो घाटच मागतो. तांबट काढला होता मी, ठोके देताना, समोर घागर, मागं भट्टीचा उजेड, मनापासून केलेलं काम होतं. लोक थांबले, फोटो काढले, 'वा' म्हणाले, घेतला कुणीच नाही. एकानं विचारलं की दिवाणखान्यात कामगाराचं चित्र कसं लावणार. चांगला कॉटनचा कागद, रंग, फ्रेम, हॉलचं भाडं हे सगळं आमच्या खिशातून जातं, त्यामुळं ताई तुमचं म्हणणं पटतं पण हा प्रश्न चित्रकारापेक्षा बघणाऱ्यांना विचारा.

पेनशाई
@गोदाकाठ काका, दगडाचं जे लिहिलंत ते वाचून पुढच्या वेळी मी चित्राच्या अजून जवळ जाऊन बघणार, त्याबद्दल वादच नाही. पण मोनेचं उदाहरण दिलंत म्हणून मी जपानी चित्रकार होकुसाईचं देते. फुजी पर्वताची 'छत्तीस दृश्यं', प्रत्यक्षात पुढं वाढवून सेहेचाळीस केली त्यानं, साधारण १८३० च्या आसपासची. म्हणजे एकच डोंगर सेहेचाळीस वेळा. पण त्यात फुजी बऱ्याचदा मागं एवढासा असतो आणि पुढं माणसं कामात असतात. एकात एक कारागीर प्रचंड मोठं लाकडी पिंप घडवतोय, पिंपाला बूड नाहीये, आणि त्या गोल भोकातून लांबवर फुजीचा चिमुकला त्रिकोण दिसतो. एकात वारा सुटलाय, बाईच्या हातातले कागद उडून आभाळात चाललेत, कुणाची टोपी गेलीय, सगळे वाकलेत, आणि मागं फुजी फक्त एका रेषेत. मला हेच हवंय. घाट राहू दे की, पण मागं राहू दे. पुढं बुधवारच्या बाजारातली मेथीची जुडी बांधणारी बाई येऊ दे.

आणि ते लाकडी ठशांचे छाप होते बरं का, सामान्य माणसाला परवडतील असे विकले जायचे. तिथं कुणी ते दुय्यम ठरवून फेकून दिले असते तर आज आपण काय बघितलं असतं.

कोरा_कागद
दोन्ही बाजू वाचल्या आणि मला दोन्ही पटत नाहीत. चित्रात गोष्ट लागतेच कशाला? अमूर्त चित्रं करणारे गायतोंडे घ्या. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग चढवायचा, खरवडायचा, परत चढवायचा, वर्षाला मोजकेच कॅनव्हास, त्यात ना घाट ना माणूस. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की डोक्यातली बडबड थांबते, हे मी अनुभवानं सांगतोय. पेनशाई म्हणतात ते केलं तर भिंतीवर कॅलेंडर आर्ट येईल. सत्याग्रहाचं चित्र म्हणजे शेवटी पाठ्यपुस्तकातलंच चित्र होणार, मोठ्या आकाराचं. विषय महत्त्वाचा म्हणून चित्र महत्त्वाचं होत नाही.

जुन्या_नाशकातला
@कोरा_कागद 'कॅलेंडर आर्ट' हा शब्द तुम्ही ज्या सुरात वापरलात त्याला माझी हरकत आहे. गायतोंडे मोठेच, ते मान्य. पण रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरवरचे देव महाराष्ट्रातल्या किती घरांत लागले असतील विचार करा, ज्या घरात आयुष्यात कधी प्रदर्शनाची पायरी चढलेली नाही त्या घरातल्या आजीला चित्र म्हणजे काय ते मुळगावकरांनी दाखवलं. स्प्रेनं आणलेली ती त्वचेची तुकतुकी एकदा नीट बघा, कुठं सावली सुरू होते ते सापडत नाही.

दीनानाथ दलाल तर माझं दैवत. १९४५ साली 'दीपावली' हा अंक सुरू केला त्यांनी, स्वतःच संपादक आणि स्वतःच चित्रकार. आमच्या घरी माळ्यावर जुने अंक होते, वाळवी लागली तेव्हा वडिलांनी गंगेवरच्या कडक उन्हात एकेक पान उघडून वाळवले होते. दलालांची बाई तीनचार रेषांत उभी राहते, पदराची एक रेष आणि मानेची एक रेष, बास, तिचा स्वभाव कळतो. त्या काळी ब्लॉक करून छापायचे, छपाईत काय टिकेल आणि काय मरेल याचा हिशेब धरून चित्र करावं लागायचं. या अडचणीत राहून जो इतकं सुंदर काम करतो त्याला खालच्या पायरीचा म्हणणं मला सहन होत नाही.

चित्रकार धुरंधर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथंच शिकवलं, मोठमोठी तैलचित्रं केली आणि त्याच हातानं मुंबईतल्या माणसांची पोस्टकार्डंही केली. एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. आणि आपल्याच त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके, तेही जे. जे. त चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले, रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलं, आणि मग सिनेमाकडं गेले. ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत हो, यात शिवाशिव आणली कुणी?

कोरा_कागद
दलालांना मी नावं ठेवली नाहीत. दलालांच्या ज्या रेषेचं तुम्ही कौतुक केलंत, ती रेष गोष्ट सोडून नुसती बघितली तरी सुंदर आहे. म्हणजे तुम्हाला आवडली ती गोष्ट नव्हे, रेषच आवडली. माझा मुद्दा तोच आहे.

जुन्या_नाशकातला
नाही पटलं. ती रेष त्या बाईची आहे म्हणून तशी वळलीय. बाई काढून टाकली तर रेष तिथं वळली असती कशाला?

चित्रकलेच्या_बाई
मी शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं बसवते, त्यामुळं हा धागा वाचून गप्प बसवेना. आपल्या या परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असतो, तो इथं बहुतेकांनी दिला असेल. बसस्टॉप, भाजी मंडई, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका असे विषय आणि त्यात माणसं काढावीच लागतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी माणूस काढायचा सराव केलेला आहे. मग तो जातो कुठं? तर मनुष्याकृती अवघड असते. देवळाचा कळस दोन मिलिमीटर इकडं तिकडं झाला तर कुणाला कळत नाही, हाताचा पंजा चुकला की शेंबड्या पोरालाही कळतं. मुलं घाबरतात आणि घाटाकडं वळतात. पेनशाईंचं म्हणणं मला इथं शंभर टक्के पटतं.

पण एक गोष्ट त्यांनी लक्षात घेतली नाही. घाटावर बसून माणसं काढणं, त्यातही मुलींनी, सोपं नाहीये. मुलींना घेऊन बसते मी, पाच मिनिटांत मागं घोळका जमतो, 'माझं काढ', 'नाक चुकलं', कुणी फोटो काढतो, कपडे धुणाऱ्या बायका आमचं चित्र कशाला काढता म्हणून रागावतात आणि त्यांचं बरोबरच आहे, अंघोळीच्या, धुण्याच्या जागी कुणी टक लावून बघितलेलं कुणाला आवडेल? देवळाला काही विचारावं लागत नाही. माणूस काढायचा तर आधी त्याच्याशी बोलावं लागतं, दोन शब्द, नाव-गाव, मग तो बसतो. आमच्या मुलींनी एका फुलवाल्या आजींशी अशी ओळख काढली, आता आजी स्वतःच विचारतात आज कुणाची पाळी. एका मुलीनं नुसते त्यांचे हात काढलेत, झेंडू ओवताना, अंगठ्याला दोरा गुंडाळलेला, नखात हिरवं गेलेलं. तेरा वर्षांची मुलगी आहे. मी ते चित्र वर्गात लावलंय.

पेनशाई
बाई, हे चित्र बघायला यायचंच आहे मला. आणि बायकांच्या रागावण्याचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, विचारून काढायचं हे मीही धरून चालते. पण म्हणूनच तर माझा आग्रह वाढतो. जो चित्रकार आधी ओळख काढतो त्याचं चित्र वेगळंच उतरणार.

गोदाकाठ
फुलवाल्या आजींचे हात वाचून मलाही बरं वाटलं, माणसाला माझा विरोध कधीच नव्हता. विरोध 'घाट बाजूला ठेवा' याला आहे. आधी उजेड शिका मग माणूस काढा, एवढंच. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र सगळ्यांनी बघितलंय, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, कित्येक लोक अजून रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगात आहे. त्यांची मुलगीच मॉडेल होती. आता सांगा, ते चित्र बाईमुळं लक्षात राहतं की तिच्या बोटांच्या फटीतून झिरपणाऱ्या उजेडामुळं? हाताआडच्या दिव्याचा तो लालसर प्रकाश जलरंगात आणायला आधी उजेडाशी किती वर्षं झटावं लागलं असेल.

आणि दुसरं कारण आता सांगतो. २०२७ ला सिंहस्थ आहे. दर सिंहस्थाला घाटाचं काहीतरी बदलतं, नवीन बांधकाम, नवीन फरशी, नवीन रंग. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं त्यावर आपण पूर मोजतो, तो मारुती, त्याच्या मागची देवळं, त्या दगडाचा आजचा रंग, हे आज ज्यानं कागदावर धरलं त्याचं काम उद्या लागणार आहे. फोटो आहेत हे मला माहिती आहे. फोटोत तो दगड काळा येतो.

रंगपेटी
काका, हळदणकरांच्या चित्रात माझ्या मते बाई आणि उजेड वेगळे काढताच येत नाहीत, पण दुतोंड्या मारुतीचं पटलं. उलट मला आता पूर बघायला जमलेली गर्दी काढावीशी वाटतेय, पुलावर छत्र्या घेऊन उभे असतात ना सगळे, खाली वाकून मारुती शोधत. त्यात घाटही येईल आणि माणसंही. विकलं जाईल का माहीत नाही, करणार.

पेनशाई
करा! आणि लावाल तेव्हा कळवा. बाई, तुमच्या मुली बुधवारच्या बाजारात येणार असतील तर मी पेन आणि वही घेऊन येते, सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत.

चित्रकलेच्या_बाई
या नक्की. फक्त पेन वॉटरप्रूफ शाईचं आणा, भाजीवाले जुड्यांवर सतत पाणी शिंपडत असतात, मागच्या वेळी दोघींची पानं फुटली.

गोदाकाठ
येताना एक अल्ट्रामरीन आणि एक बर्न्ट सिएनाही आणा. मी नारोशंकराच्या बाजूच्या पायऱ्यांवर असतो, दगड करायचा असेल त्यांनी इकडं यावं.